संत जोसेफ वाझ : जात, रंग आणि भाषा यांच्या वेशी ओलांडणारा धर्मगुरू

१६ जानेवारी हा संत जोसेफ वाझ यांचा स्मृतिदिन. गोव्यात, विशेषतः सांकवाळ आणि बाणावली येथे, हा दिवस मोठ्या भक्तिभावाने साजरा होतो. श्रीलंकेत तर त्यांना त्या देशाचे प्रेषित म्हणून मान आहे. आपल्याकडील धर्मग्रामांत मात्र त्यांचे नाव ऐकलेले भाविक पुष्कळ असले, तरी त्यांचे जीवन जाणणारे थोडेच आढळतात. चमत्कारांच्या दोन-चार कथा तेवढ्या सर्वांना ठाऊक असतात. त्या कथांपेक्षा आम्हाला या जीवनातील एक वेगळीच गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ज्या ख्रिस्तसभेत गोरा आणि सावळा, ब्राह्मण आणि शूद्र, धनी आणि दास एकाच वेदीपुढे गुडघे टेकूनही वेगवेगळे राहत होते, त्या ख्रिस्तसभेतून हा धर्मगुरू निघाला आणि परक्या बेटावर, परक्या भाषांत, विखुरलेल्या श्रद्धावंतांचा एक समाज त्याने पुन्हा उभा केला. हे त्याने कसे केले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा हेतू आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली या गावी, आईच्या माहेरी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया मिरांडा बाणावलीची. सहा भावंडांत जोसेफ तिसरे. घराणे कोकणी ब्राह्मण ख्रिस्ती, गावात प्रतिष्ठा असलेले. बाणावलीच्या संत जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. पोर्तुगीज ते सांकवाळला शिकले, लॅटिन बाणावलीला. पुढे जुने गोवे येथे येशूसंघीयांच्या संत पॉल महाविद्यालयात आणि डॉमिनिकन धर्मगुरूंच्या संत थॉमस अ‍ॅक्वायनस विद्यालयात त्यांनी उच्च शिक्षण घेतले. १६७६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षा मिळताच त्यांनी पादत्राणे सोडली. गोरगरीब जसे अनवाणी चालत तसेच आपण चालावे, हा त्यामागचा विचार होता, आणि तो नियम त्यांनी अखेरपर्यंत पाळला.

त्या काळच्या गोव्यातील ख्रिस्तसभेचे चित्र आज आपल्याला सहजासहजी डोळ्यांपुढे आणता येणार नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ती वैभवशाली दिसे. जुने गोवे येथे मठ, महामंदिरे आणि विद्यालये यांची रेलचेल होती. परंतु त्या मठांचे दरवाजे या मातीतील तरुणांना जवळजवळ बंद होते. युरोपीय संघ स्थानिकांना सभासद करून घेत नसत. गोमंतकीय तरुण धर्मगुरू होऊ शकत असे, पण बहुधा युरोपीय धर्मगुरूचा मदतनीस म्हणूनच त्याचे आयुष्य सरत असे. दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो यांना गोव्यात वाव मिळाला नाही, म्हणून ते थेट रोमला गेले, तेथे गुरुदीक्षा घेतली आणि १६३७ साली बिशप झाले. तरीही गोव्यातील अधिकाऱ्यांनी त्यांना मनापासून स्वीकारले नाही. आपल्या वसईचा सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यालाही याच्या शंभर वर्षे अगोदर येशूसंघात कायमचे स्थान मिळाले नव्हते, हे वाचकांना स्मरत असेल.

ही झाली रंगाची भिंत. तिच्या आतल्या बाजूला आणखी एक भिंत होती, आणि ती पोर्तुगिजांनी बांधलेली नव्हती. धर्मांतरानंतरही बामण, चारडो आणि शूद्र हे भेद जसेच्या तसे राहिले होते. गावोगावच्या चर्चमध्ये धर्मबंधुसंघ जातवार होते. कोणत्या संघाने कोणता सण करायचा, मिरवणुकीत कोणी पुढे चालायचे, कोणी कोणता झगा घालायचा, हे सारे जातीवर ठरे. गोऱ्यांकडून होणाऱ्या अन्यायाविरुद्ध तक्रार करणारे आपलेच लोक आपल्याहून खालच्या मानलेल्यांना तीच वागणूक देत होते. आम्ही हे मुद्दाम लिहीत आहोत, कारण संतचरित्रे लिहिताना हा भाग गाळण्याची सवय आपल्याला जडली आहे.

५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या आरोग्यमातेच्या चर्चमध्ये वेदीपुढे या तरुण धर्मगुरूने एक दस्तऐवज लिहून स्वतःला पवित्र मरियेचा दास म्हणून अर्पण केले. मरियाभक्तीचा हा प्रकार युरोपातही प्रचलित होता. पण गोव्यात त्या शब्दाला वेगळे वजन होते. गोव्यातील श्रीमंतांच्या घरी आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते, त्यांची खरेदी-विक्री होत होती. दास म्हणजे काय हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेले होते. अशा ठिकाणी प्रतिष्ठित घराण्यातील सुशिक्षित ब्राह्मण धर्मगुरूने स्वतःसाठी तोच शब्द स्वीकारावा आणि तो करारासारखा लिहून ठेवावा, हे केवळ भावनेच्या भरात घडलेले नाही. पुढील आयुष्यात त्या करारातील अक्षरन् अक्षर त्यांनी जगून दाखवले.

१६८१ ते १६८४ ही तीन वर्षे फादर वाझ कानडा प्रांतात होते. मंगळूर, कल्याणपूर, बसरूर, गंगोळी या भागांत गोव्याहून जाऊन वसलेले ख्रिस्ती पुष्कळ होते. धर्मगुरू मात्र फार थोडे. त्यातच तेथील ख्रिस्तसभेत दुफळी माजली होती. पोर्तुगालच्या राजाला मिळालेल्या पाद्रुआदो अधिकारानुसार गोव्याचे आर्चबिशप हा प्रांत आपला मानत; तर रोमच्या धर्मप्रसार मंडळाने तेथे बिशप थॉमस द कास्त्रो यांना नेमले होते. हे बिशप वर उल्लेखिलेल्या मातेउस द कास्त्रो यांचे पुतणे. म्हणजे वाद दोन अधिकारांचा, आणि तो अंगावर घेणारे दोघेही गोमंतकीयच. भाविकांची स्थिती अशी, की एका पक्षाच्या धर्मगुरूकडून घेतलेला संस्कार दुसरा पक्ष अवैध ठरवी. फादर वाझ गोव्याच्या बाजूने अधिकारपत्र घेऊन गेले होते, तरी त्यांनी बिशपांचा अवमान होईल असे एकही पाऊल टाकले नाही. रोमचा निर्णय येईपर्यंत भाविकांच्या संस्कारांवर संशयाची छाया पडू नये, यासाठी ते समझोता शोधत राहिले. बाकीचा वेळ त्यांनी शाळा, प्रार्थनामंडळे आणि पडक्या चर्चची डागडुजी यांत घालवला. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या ख्रिस्ती जनांना सोडवण्यासाठी पैसे जमवले. मंगळूरजवळ मुडिपू येथे आजही त्यांच्या नावाने तीर्थस्थान आहे, आणि सर्व धर्मांचे लोक तेथे जातात.

१६८४ साली ते गोव्यात परतले. जुने गोवे येथील क्रूसाच्या टेकडीवर फादर पास्कोआल द कोस्ता जेरेमियास आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी १६८२ पासून एकत्र प्रार्थनामय जीवन सुरू केले होते. युरोपीय संघ घेत नाहीत, तर आपणच आपला संघ उभारावा, ही त्यामागची जिद्द. २५ सप्टेंबर १६८५ रोजी फादर वाझ त्यांच्यात सामील झाले, लवकरच प्रमुख झाले, आणि संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्या मंडळाला नियमबद्ध रूप आले. गोव्याच्या मातीतून उगवलेला हा स्थानिक धर्मगुरूंचा पहिला संघ. या संघाविषयी आम्हाला नितांत आदर आहे. तरीही एक कटू सत्य सांगितलेच पाहिजे: या संघात प्रवेश मिळे तो केवळ ब्राह्मण ख्रिस्ती धर्मगुरूंनाच. दारावर रंगाचा पहारा नव्हता, पण जातीचा होता. चारडो धर्मगुरूंनी पुढे आपली वेगळी सोय केली.

फादर वाझ यांनी त्या नियमाविरुद्ध लढा पुकारल्याची नोंद नाही, आणि जे घडले नाही ते त्यांच्या नावावर जमा करण्याचे आम्हाला कारण नाही. त्यांनी काय केले, तर प्रमुखपद सोडून ते सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे निघाले. जेथे ब्राह्मण या शब्दाला गोव्यातील अर्थ उरणार नव्हता आणि धर्मगुरू या शब्दाची किंमत जिवाने मोजावी लागणार होती, अशा ठिकाणी.

सिलोनचा किनारी प्रदेश पोर्तुगिजांच्या हातून डच कंपनीने हिसकावला होता: १६५६ साली कोलंबो, १६५८ साली जाफना. डच कॅल्विनपंथी होते आणि कॅथलिक म्हणजे पोर्तुगिजांचा हस्तक, असे त्यांचे समीकरण होते. धर्मगुरूंना हद्दपार करण्यात आले. धर्मगुरूला आसरा देणाऱ्यास मृत्युदंड जाहीर झाला. चर्च ताब्यात घेऊन तेथे कॅल्विनपंथी उपासना सुरू झाली, आणि मुलांचे स्नानसंस्कार व लग्ने तेथेच नोंदवण्याची सक्ती झाली. जवळजवळ ३० वर्षे त्या बेटावरील कॅथलिकांनी मिस्साबली पाहिला नव्हता. आजी नातवंडांना जपमाळ शिकवत होती, एवढाच काय तो धर्म शिल्लक होता. त्यातही उत्तरेचे तमिळ, पश्चिम किनाऱ्याचे सिंहली, व्यापारानिमित्त येणारे परवर, अडकून पडलेले पोर्तुगीज वंशज आणि त्यांचे गुलाम, असे हे कॅथलिक एकमेकांपासून तुटलेले होते. कोणाला कोणाची खबर नव्हती.

येथे एक विलक्षण योगायोग वाचकांच्या लक्षात आणून द्यावासा वाटतो. युरोपीय धर्मगुरू सिलोनच्या किनाऱ्यावर उतरला असता, तर डच शिपायांनी त्याला त्याच दिवशी ओळखले असते. सावळ्या वर्णाचा गोमंतकीय मात्र गर्दीत मिसळून जाऊ शकत होता. गोव्यात ज्या वर्णामुळे मठाचे दार बंद झाले होते, तोच वर्ण सिलोनमध्ये प्रवेशाचा परवाना ठरला. दुसरी गोष्ट भाषेची. १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी 3 वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असा हुकूम केला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६८६ साली, हा कोकणी धर्मगुरू गोवा सोडून निघाला आणि लोकांच्याच भाषेत त्यांना देव कळावा म्हणून वयाच्या पस्तिशीत तमिळ शिकू लागला.

त्यांच्यासोबत जुआंव नावाचा घरचा सेवक होता. तुतिकोरिनला पोहोचल्यावर फादर वाझ यांनी झगा उतरवला आणि हमालाचे फाटके कपडे अंगावर चढवले. १६८७ साली दोघे गलबतात बसले. वादळाने त्यांना भरकटवले. अन्नपाण्याविना हाल झाले. कसेबसे जाफन्यात पोहोचले, तर फादर वाझ रक्ती हगवणीने अंथरुणाला खिळले. अंथरूण म्हणजे उघडी जमीन. रोग पसरेल या भीतीने लोकांनी त्यांना वस्तीबाहेर नेऊन ठेवले. जुआंव त्यांची शुश्रूषा करत होता. थोड्याच दिवसांत तोही आजारी पडला. मग धनी आणि नोकर, ब्राह्मण आणि सेवक, दोघे शेजारी शेजारी पडून राहिले. त्या वाटेने जाणारी एक बाई रोज तांदळाची पेज आणून देई, तिच्यावर दोघे जगले. आमच्या मते फादर वाझ यांच्या सिलोनमधील धर्मकार्याचा खरा आरंभ येथे झाला, एकही प्रवचन न होता. पेज कोणाच्या हातची, हे विचारण्याची सोय नव्हती, आणि ती एकाच मडक्यातून दोघांना मिळत होती.

बरे झाल्यावर कॅथलिक शोधायचे कसे, हा प्रश्न होता. उघड विचारणे म्हणजे तुरुंग. फादर वाझ यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि भिक्षेकऱ्याप्रमाणे दारोदार फिरू लागले. भीक घालताना कोणाची नजर त्या माळेवर रेंगाळते, एवढेच ते पाहत. काही दिवसांनी एका कुटुंबाची नजर थबकली. या भिकाऱ्याने त्यांच्याशी धर्माच्या गोष्टी काढल्या, आणि खात्री पटल्यावर आपण धर्मगुरू आहोत असे सांगितले. ३० वर्षे ज्याची वाट पाहिली, तो दारात भीक मागत उभा होता.

जाफन्याजवळील सिल्लालै या गावचे कॅथलिक आपल्या श्रद्धेत खंबीर होते. त्यांनी फादर वाझ यांना आश्रय दिला आणि सुमारे दोन वर्षे ते गाव त्यांच्या कार्याचे केंद्र झाले. काम सारे रात्री चाले. अंधार पडला की भाविक ठरल्या घरी जमत. पापनिवेदने, स्नानसंस्कार, लग्ने लावणे, धर्मशिक्षण, आणि पहाटेपूर्वी मिस्सा. उजाडण्याच्या आत धर्मगुरू दुसऱ्या गावी गेलेले असत. जाफन्याच्या तमिळ समाजात जातीची उतरंड गोव्याइतकीच पक्की होती. जमीनदार वेळ्ळाळ, मासेमारी करणारे करैयार, आणि त्यांच्याही खाली वेठीने राबणाऱ्या दास जाती. फादर वाझ यांनी ती उतरंड मोडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. ती तेथे पुढेही टिकली. परंतु छळाच्या त्या दिवसांत लपण्याची एकच खोली असे. तिच्यात वेगळ्या रांगा करायला जागा नव्हती. एकाने तोंड उघडले असते तर सगळेच पकडले गेले असते. जमीनदाराचा जीव दासाच्या मौनावर अवलंबून होता आणि दासाचा जमीनदाराच्या. या भयातून आणि त्या खोलीतील ख्रिस्तप्रसादातून जो बंधुभाव जन्मला, तो सुखाच्या काळातील प्रवचनांनी जन्मला नसता, असे आम्हाला वाटते.

१६८९ च्या नाताळच्या रात्री डचांनी छापा घातला. मिस्सेसाठी जमलेले भाविक मोठ्या संख्येने पकडले गेले. त्यांना फटके, दंड आणि तुरुंगवास भोगावा लागला. काहींनी तुरुंगातच प्राण सोडले. फादर वाझ हाती लागले नाहीत, आणि भाविकांनी त्यांचा ठावठिकाणा सांगितला नाही. आपल्यामुळे लोकांचा छळ होतो हे पाहून ते १६९० मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील पुत्तलम येथे गेले. हा भाग कँडीच्या सिंहली राजाच्या अंमलाखाली होता.

तेथून १६९२ साली ते कँडी या राजधानीकडे निघाले. दरबारातील एका फ्रेंच कॅल्विनपंथी माणसाने हा पोर्तुगिजांचा हेर आहे असे राजाच्या कानी घातले, आणि फादर वाझ, जुआंव व त्यांना वाट दाखवणारा अंतोनियो सोतोमायोर या तिघांना कैद झाली. पहिले काही दिवस अतिशय कडक गेले. पुढे पहारा थोडा सैल झाला. फादर वाझ यांनी त्या कैदेचा उपयोग सिंहली शिकण्यासाठी केला. तमिळ येत होतीच. आता बेटाची दुसरी भाषाही आली. कैदेच्या आवारातच त्यांनी गवताचे छप्पर घालून वेदी उभारली. कँडीतील कॅथलिक भीत भीत तेथे येऊ लागले, आणि पहारेकऱ्यांनी त्यांना अडवले नाही. त्या झोपडीतील नाताळची मिस्सा ही कँडीच्या लोकांसाठी कित्येक वर्षांतील पहिली.

कँडीच्या राज्यातील कॅथलिकांचे स्वरूप पाहण्यासारखे होते. राजांनी युद्धात पकडलेले पोर्तुगीज आणि त्यांची कुटुंबे डोंगराळ भागात, वहाकोट्टे यांसारख्या गावी वसवली होती. स्थानिक स्त्रियांशी विवाह होऊन ते अर्धे सिंहली झाले होते. नाव पोर्तुगीज, भाषा सिंहली, आणि धर्माच्या नावाने उरलेला एखादा क्रूस. त्यांच्यासोबत तमिळ व्यापारी, सिंहली शेतकरी, आणि पोर्तुगिजांबरोबर आलेल्या आफ्रिकी शिपायांचे वंशज. गोव्यात ज्या पोर्तुगीज रक्ताने सावळ्या धर्मगुरूला मठाबाहेर ठेवले होते, त्याच रक्ताचे वंशज येथे अनवाणी सावळ्या धर्मगुरूपुढे गुडघे टेकून पापनिवेदन करत होते. त्यांनी यात कधी विजय मानला नाही. त्यांना तो विचारही शिवला नसावा.

राजा दुसरा विमलधर्मसूर्य निष्ठावंत बौद्ध होता. आपल्या राज्यातील भिक्षुसंघाचे पुनरुज्जीवन व्हावे म्हणून त्याने अराकानहून भिक्षू आणवले. अशा राजाने एका कॅथलिक धर्मगुरूला आपल्या राज्यात मोकळेपणाने फिरू दिले, ही दोघांच्याही थोरवीची साक्ष आहे. अवर्षणाच्या काळात राजाच्या विनंतीवरून फादर वाझ यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, ही परंपरागत कथा प्रसिद्ध आहे. राजाचे मन मात्र खऱ्या अर्थाने जिंकले गेले ते १६९७ च्या देवीच्या साथीत. राजा आणि धनिक राजधानी सोडून निघून गेले. घरच्यांनी रोग्यांना रानात नेऊन टाकले. फादर वाझ आणि नुकतेच गोव्याहून आलेले फादर जोसेफ कार्व्हाल्यो हे दोघे मागे राहिले. रिकामी घरे त्यांनी रुग्णालये केली. रानात झोपड्या बांधल्या. रोग्यांच्या जखमा धुतल्या, पेज भरवली, मेलेल्यांसाठी खड्डे खणले. रोगी बौद्ध आहे की ख्रिस्ती, तमिळ आहे की सिंहली, हे कोणी विचारले नाही. काही वर्षांपूर्वी जाफन्याबाहेर ज्याला लोकांनी टाकून दिले होते, तोच आता टाकलेल्यांना उचलत होता.

एकट्या माणसाच्या बळावर हे कार्य टिकणार नाही, हे फादर वाझ यांनी ओळखले होते. कोचीनच्या बिशपांनी त्यांना सिलोनचे व्हिकर जनरल नेमले, आणि गोव्याच्या ओरेटरीतून एकेक धर्मगुरू येऊ लागले. तरीही वर्षातून एकदोनदाच धर्मगुरू पोहोचू शकतील अशी गावे शेकडो होती. म्हणून गावोगावी प्रापंचिकांतून प्रमुख नेमण्याची पद्धत रूढ झाली. मूप्पू म्हणजे चर्चची व्यवस्था पाहणारा, आणि अण्णावी म्हणजे प्रार्थना चालवणारा व धर्मशिक्षण देणारा. धर्मगुरू नसताना रविवारी समाज जमवणे, आजाऱ्याजवळ प्रार्थना करणे, ही कामे ते करत. आज आपल्या धर्मप्रांतांत प्रापंचिकांच्या सहभागाविषयी बरेच बोलले जाते; तीन शतकांपूर्वी सिलोनमध्ये ते घडत होते, कारण त्याखेरीज ख्रिस्तसभा उरलीच नसती.

प्रार्थना लोकांच्या भाषेत असाव्यात, याबद्दल ते आग्रही होते. स्वतः त्यांनी शब्दसंग्रह आणि प्रार्थना तयार केल्या. हे काम कळसाला नेले ते १७०५ साली आलेल्या फादर जाकोमे गोन्साल्विस यांनी. हेही दिवाडीचे. त्यांनी सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांत विपुल ग्रंथ लिहिले, आणि सिंहली साहित्याच्या इतिहासात त्यांना आदराचे स्थान आहे. त्यांच्या एका सिंहली ग्रंथाचे नाव देव वेद पुराणय. १६१६ साली राशोलला छापलेले फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण ज्यांना माहीत आहे, त्यांना या नावातील नाते चटकन जाणवेल.

पोपचे प्रतिनिधी मेयार द तुर्नो भारतात आले असताना सिलोनला स्वतंत्र धर्माधिकारी द्यावा आणि ते पद फादर वाझ यांच्याकडे सोपवावे, असा विचार पुढे आला होता. फादर वाझ यांनी साधा धर्मगुरू राहणेच पसंत केले. शेवटची वर्षे आजारपणात गेली. १६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांनी देह ठेवला. वय ५९. सिलोनमधील २४ वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नव्हते. त्यांच्या मृत्यूच्या वेळी बेटावर सुमारे ७०,००० कॅथलिक, १५ चर्च आणि ४०० लहान प्रार्थनामंदिरे होती, असा आकडा चरित्रकार देतात. आले तेव्हा धर्मगुरू एकही नव्हता.

पुढील शतकात कँडीच्या दरबाराचा रोख बदलला, धर्मगुरूंना राज्याबाहेर घालवण्यात आले आणि चर्च उद्ध्वस्त झाले. फादर वाझ यांची कबर नेमकी कोठे होती, हेही त्यामुळे विस्मृतीत गेले. गोव्याच्या ओरेटरीतील धर्मगुरूंनी मात्र सिलोनला धर्मगुरू पुरवणे सोडले नाही. पोर्तुगाल सरकारने १८३५ साली गोव्यातील मठ बंद करेपर्यंत ते अखंड चालू होते. जातीचा नियम असलेल्या त्या छोट्याशा मठाने परक्या देशातील सर्व जातींसाठी दीडशे वर्षे आपली माणसे वेचली. हा विरोधाभास आम्ही सोडवू पाहत नाही. घडले ते असे आहे.

२१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत फादर वाझ यांना धन्य घोषित केले. त्या वेळी श्रीलंकेत यादवी पेटलेली होती. १९८३ ते २००९ या काळात सिंहली आणि तमिळ यांच्यात जे घडले, त्यात दोन्ही बाजूंना कॅथलिक होते. त्या देशातील सिंहलींत बहुसंख्य बौद्ध, तमिळांत बहुसंख्य हिंदू. दोन्ही समाजांत लक्षणीय संख्येने आढळतात ते ख्रिस्ती. म्हणूनच मडू येथील मरियामातेच्या तीर्थस्थानाला आगळे महत्त्व. डचांच्या छळातून वाचवून रानात नेलेली ती मूर्ती. तिच्यासमोर दोन्ही भाषांत प्रार्थना होतात. २००८ साली युद्ध अगदी जवळ आले, तेव्हा त्या मूर्तीलाही काही काळ आपले स्थान सोडून आसरा शोधावा लागला. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर फादर वाझ यांना संत घोषित केले आणि त्याच दुपारी ते मडूला गेले. उत्तरेतील, युद्धाने होरपळलेल्या त्या भागात, तमिळ आणि सिंहली कुटुंबे एकत्र त्यांची वाट पाहत होती.

आणि २१ एप्रिल २०१९. तो पुनरुत्थानाचा रविवार होता, आणि तारीख संत जोसेफ वाझ यांच्या जन्माची. कोलंबोतील कोच्चिकडे येथील संत अंतोनी यांचे तीर्थस्थान आणि नेगोम्बोतील संत सेबॅस्टियन चर्च येथे मिस्सा चालू असताना बॉम्बस्फोट झाले. बट्टिकलोवातील एका प्रॉटेस्टंट चर्चवर आणि काही हॉटेलांवरही हल्ले झाले. अडीचशेहून अधिक लोक मरण पावले. कोच्चिकडेचे तीर्थस्थान डचांच्या काळात लपून सेवा करणाऱ्या एका धर्मगुरूच्या आठवणीशी जोडलेले आहे. तेथे सिंहली येतात, तमिळ येतात, बौद्ध, हिंदू आणि मुसलमानही नवस फेडायला येतात. मृतांत तमिळ होते तसे सिंहलीही होते, आणि काहींना एकाच कबरस्तानात शेजारी शेजारी माती देण्यात आली.

सांकवाळला आरोग्यमातेच्या जुन्या चर्चचा आज केवळ दर्शनी भाग उभा आहे. बाकीची इमारत १८३४ साली आगीत जळून गेली. त्याच चर्चच्या वेदीपुढे तो दास्यपत्राचा कागद लिहिला गेला होता. वास्को आणि मडगाव ही दोन्ही शहरे तेथून जवळ आहेत. गोव्याला फेस्ताला किंवा लग्नाला जाणाऱ्या आमच्या वाचकांनी वाट थोडी वाकडी करून तेथे जावे, आणि जमल्यास बाणावलीच्या चर्चमधील स्नानसंस्कारकुंडही पाहून यावे.